तांब्याला दोन सावल्या

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे, सोबत तीन चित्रांचे फोटो आहेत. पत्र मोठं आहे, कामापुरतं इथे देते.

“शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या. इंटरमिजिएटला बी ग्रेड होती. नंतर संसार, बाग, सासूबाईंचं दुखणं यांत रंगांना हात लागला नाही. आता वय 54. लेकीने वाढदिवसाला तैलरंगांच्या 12 ट्यूबचा संच आणि तयार कॅनव्हास पाठवले. व्हिडिओ बघून तांब्या, दोन हापूस आणि एक जास्वंद असं स्थिरचित्र रंगवलं. तीनदा रंगवलं, तिन्ही वेळा चिखल झाला. आंब्याचा पिवळा शेणकट दिसतो. फूल बघता बघता मान टाकतं आणि आंबे चित्र होण्याआधी घरातले खातात. पाऊस सुरू झाल्यापासून रंग वाळायचं नाव घेत नाही, एका कॅनव्हासला मागून बुरशी आली. टर्पेन्टाइनच्या वासाने सासूबाईंना खोकला येतो. हे विचारतात, ‘तांबयो काढूक म्हयनो लागता?’ मुंबईला क्लास लावावा का? गणपतीत मुलं येतील, तोवर भिंतीवर लावण्याजोगं एक तरी चित्र व्हावं.”

ताई, तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. रंगांचं नंतर बोलू, आधी दुसरीच गोष्ट. तुमच्या तांब्याला दोन सावल्या आहेत. उजवीकडे पडलेली ठळक, डावीकडे पडलेली फिकट. म्हणजे डावीकडच्या खिडकीतून उजेड येत होता आणि त्याच वेळी उजव्या भिंतीवरची ट्यूबलाइटही चालू होती. आंब्यांवरचे चमकते ठिपके बघा, प्रत्येकावर दोन-दोन आहेत. मागचं दारही उघडं असावं, कारण तांब्याची सावलीतली कड तुम्ही चांगली उजळ रंगवली आहे. तुम्ही दिसलं ते प्रामाणिकपणे रंगवलंत. समोरचं दृश्यच गोंधळाचं होतं.

तुमचा चिखल तिथून सुरू होतो. वस्तूवर एकाच बाजूने उजेड पडला की तिचे दोन स्पष्ट भाग होतात, उजेडातला आणि सावलीतला, आणि त्यांच्यामधली वळणाची पट्टी अरुंद राहते. दोन-तीन बाजूंनी उजेड आला की ती मधली पट्टीच सगळीकडे पसरते. मग उजेडातला रंग कोणता आणि सावलीतला कोणता हे डोळ्याला ठरवता येत नाही. हात मात्र थांबत नाही. थोडा पांढरा घाल, नको, जास्त झाला, काळा घाल, पुन्हा पिवळा. चौथ्या वेळी पॅलेटवर जे उरतं त्याला तुम्ही शेणकट म्हणता. महागाच्या ट्यूब आणल्यात तरी हेच होईल, फक्त जास्त पैशांत होईल.

तेव्हा नवा रंग, नवा ब्रश काही घेऊ नका. माळ्यावर आंब्याची जुनी लाकडी पेटी असेल, नसेल तर पुठ्ठ्याचा खोका चालेल. ती आडवी ठेवा, उघडी बाजू तुमच्याकडे. खिडकीच्या बाजूची फळी काढून टाका. आतून काळं किंवा गडद तपकिरी कापड लावा, चकाकणारं नको. जुन्या सुती परकराचा तुकडा उत्तम. पेटी अशा उंचीवर ठेवा की बसल्यावर तांब्याचं तोंड अगदी चपटं, लंबगोल दिसेल. इंटरमिजिएटला जमिनीवर मांडलेल्या वस्तू वरून बघून काढायची सवय असते, त्यात तोंडाचा गोल उगाच मोठा येतो. ट्यूबलाइट बंद, मागचं दार बंद. स्टुलाचे पाय, कॅनव्हास ठेवायच्या ईझलचे पाय आणि तुमच्या खुर्चीचे पाय जमिनीवर खडूने आखून ठेवा. केर काढताना कोणीतरी हलवणारच.

आता खिडकी कोणती, हा प्रश्न. परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ डोळे झाकून सांगतात, उत्तरेची खिडकी घ्या, तिथे ऊन येत नाही. त्यांच्याकडे येत नाही. वेंगुर्ल्यात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरदुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारी तो उत्तरेकडेच असतो. मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीत ऊन बघून तुम्ही गोंधळला असाल तर चूक तुमची नाही. जूनपासून ढग येतात आणि हा प्रश्न आपोआप मिटतो. खरं तर स्थिरचित्राला पावसाळ्याइतका चांगला उजेड आपल्याकडे दुसरा नाही. सकाळी दहा ते चार तो फारसा बदलत नाही, सावलीच्या कडा मऊ असतात. पावसाने रंग वाळत नाही म्हणून तुम्ही कावला आहात, पण तोच पाऊस तुम्हाला सहा तास एकसारखा उजेड देतो. फक्त खिडकीबाहेर काय आहे ते पाहा. केळी नाहीतर माड जवळ असतील तर आत येणारा उजेड हिरवा असतो, आणि उन्हाळ्यात चिऱ्याच्या तांबड्या अंगणावरून उसळून येणारा उजेड खालून तांबूस लागतो. ते टाळायचं नाही, ओळखायचं. तुमच्या दुसऱ्या चित्रात तांब्याच्या डाव्या अंगावर हिरवट पट्टा आहे. तो बरोबर आहे, आणि तिन्ही चित्रांत मला आवडलेली तीच एक जागा. रात्रीच काम करायचं असेल तर एकच एलईडी दिवा घ्या, फार पिवळा नाही आणि फार निळाही नाही. त्याचाच उजेड कॅनव्हासवरही पडू द्या.

पेटी मांडली की पुढचे काही दिवस पिवळी, तांबडी, निळी ट्यूब उघडायची नाही. गडद तपकिरी बर्न्ट अंबर आणि पांढरा टायटॅनियम व्हाइट, दोनच. एक तांब्या, एक सोललेला नारळ, शेंडीसकट. जास्वंद नाही, आंबे नाहीत. डोळे किलकिले करून बघा, बारीकसारीक तपशील नाहीसा होतो आणि गडद-उजळाचे चार-पाच मोठे तुकडे उरतात. ते तुकडे आधी बसवा. बसले की नाही हे पडताळायचं तर मोबाइलवर समोरच्या मांडणीचा आणि कॅनव्हासचा असे दोन फोटो काढा, दोन्ही कृष्णधवल करा आणि शेजारी ठेवा. मोबाइलचा इतकाच उपयोग. फोटोवरून रंगवू नका, फोटोत सावलीच्या आतलं सगळं काळं होऊन जातं आणि शिकायचं असतं ते तिथेच.

बर्न्ट अंबरच का? त्यात मँगेनीज असतं आणि मँगेनीजमुळे तेल लवकर वाळतं. पावसाळ्यात पहिला थर अंबरचा असला की निम्मी कटकट कमी होते. टायटॅनियम व्हाइट, अलिझरिन क्रिमझन, ट्यूबमधला काळा हे सगळे सावकाश वाळणारे. पहिल्या थरात पांढरा दाबून भरलात तर आषाढ संपेल.

इंटरमिजिएटची एक सवय तुम्हाला अजून नडते आहे. जलरंगात कागदाचा पांढरा राखून फिक्याकडून गडदाकडे जायचं असतं. तेच तुम्ही इथे केलंत, पेन्सिलीने बाह्यरेषा काढल्यात आणि आत फिका रंग भरून वर गडद चढवलात. तैलरंगात उलटं चालतं. कॅनव्हासचा पांढराशुभ्रपणा आधी मोडायचा. पातळ अंबर फडक्याने सगळीकडे पुसून घ्या, शहाळ्याच्या पाण्यात भिजलेल्या कापडासारखा मातकट डाग उरला पाहिजे. तो वाळला की गडद सावल्या पातळ, आरपार लावा. मग मधल्या छटा. उजेड सगळ्यात शेवटी आणि जाड. सावली पातळ, उजेड जाड, एवढं पाळलं तरी चित्राला अंग येतं. रेषेचा हट्ट सोडा. तांब्याची सावलीतली कड काळ्या कापडात बुडत असेल तर बुडू द्या. तुम्ही ती शोधून शोधून रेखली आहे, म्हणून तांब्या कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

असे दोन-तीन एकरंगी अभ्यास झाले की रंग. त्यासाठी जाड ड्रॉइंग पेपरला गेसोचे, म्हणजे रंगाखाली लावायच्या पांढऱ्या लेपाचे, दोन हात द्या, सुकला की छोटे तुकडे करा. तयार कॅनव्हास अभ्यासावर खर्च करू नका. संचातल्या ट्यूबपैकी पांढरा, मातकट पिवळा यलो ऑकर, एक झगझगीत पिवळा, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, एक तांबडा, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर एवढंच बाहेर ठेवा. काळी ट्यूब लेकीला परत पाठवा. अल्ट्रामरीन आणि अंबर मिसळून हवा तेवढा गडद मिळतो, आणि निळा जास्त की तपकिरी जास्त यावरून तो थंड की उबदार हे तुमच्या हातात राहतं.

तुमचा शेणकट पिवळा नेमका काळ्यामुळे झाला आहे. पिवळ्यात काळा घातला की हिरवट शेवाळी रंग होतो, कोणत्याही कंपनीचा घ्या. सावलीतला हापूस म्हणजे काळवंडलेला पिवळा नव्हे. तिथे यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि किंचित निळा. उजेडाच्या बाजूला पांढरा ओतण्याआधी झगझगीत पिवळा घालून बघा. पांढऱ्याने रंग उजळतो पण थंड आणि खडूसारखा होतो, तांबड्यात तर सरळ गुलाबी होतो. जास्वंदीचं तेच झालं आहे. तिच्या उजळ पाकळ्यांना केशरीकडे झुकणारा तांबडा हवा, पांढरा जवळजवळ नाहीच.

मिश्रण पॅलेट नाइफने करा, ब्रशने नको. नाइफच्या टोकावर थोडा रंग घेऊन हात लांब करा आणि एक डोळा मिटून तो वस्तूच्या शेजारी धरा. गडद आहे का, उजळ आहे का, लगेच कळतं. लावण्याआधी एवढं केलं की कॅनव्हासवर चोळत बसावं लागत नाही. एका मिश्रणात पांढरा सोडून तीनपेक्षा जास्त ट्यूब नकोत. उजेडाचा ब्रश वेगळा, सावलीचा वेगळा. आणि लावलेला रंग सोडून द्या. ओल्या रंगावरून ब्रश पुन्हा पुन्हा फिरवून कडा मऊ करायची व्हिडिओवाल्यांना फार हौस असते, तुम्ही ते नका करू.

पितळेच्या तांब्याबद्दल वेगळं सांगते, कारण सगळे तिथेच घसरतात. पितळ पिवळं आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण आधी सगळा तांब्या पिवळा रंगवून घेतो. आता पेटीतल्या तांब्याकडे नीट बघा. त्याच्या अंगावर निम्म्याहून जास्त भाग काळपट तपकिरी असतो, कारण त्यात काळ्या कापडाचं प्रतिबिंब आहे. खिडकीच्या बाजूला एक उभा, निळसर पांढरा तुकडा असतो, ती खिडकीच असते, कधी कधी गजांसकट. नारळाच्या बाजूला तपकिरी उबदार डाग असतो. खरा पिवळा उरतो तो यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यांत, आणि तोही बहुतेक यलो ऑकर. ज्याला आपण चमक म्हणतो ती रंगाची नसते, गडदाला लागूनच एकदम उजळ आल्याची असते. कल्हईवाल्यासारखं सगळीकडून घासून पुसून चकचकीत करू नका, थोडा मळलेला तांब्या रंगवायला बरा. शेवटचा चमकता ठिपका एकच, जाड, एका फटक्यात, आणि मग त्याच्याकडे बघायचंही नाही. अर्थात ही सगळी वर्णनं वाचून विसरा. तुमच्या खिडकीत जे दिसेल ते माझ्या सांगण्यापेक्षा खरं.

आंबे कोणी खाल्ले याची तक्रार मी ऐकणार नाही, हापूस असेल तर खाल्लाच पाहिजे. आंबा चार दिवसांत हिरव्याचा केशरी होतो. काजूचं बोंड तर संध्याकाळपर्यंत सुकतं. सुरुवातीला नारळ, सुपारी, चिनीमातीची बरणी, कंदील असल्या टिकाऊ गोष्टी घ्या. फळाच्या गोलाईचा सराव हवा असेल तर सावंतवाडी तुमच्यापासून दूर नाही. चितारआळीत लाकडी फळं मिळतात, आंबा, सीताफळ, केळी, सगळी. ती नासत नाहीत आणि कोणी खात नाही. त्यांचा रंग मात्र लावलेला असतो, एकसारखा आणि चकाकता, म्हणून त्यांच्याकडून उजेड-सावली शिका, फळाचा रंग शिकू नका. खरं फूल नाहीतर फळ घालायचं त्या दिवशी बाकीचं चित्र आधीच बसलेलं असू द्या. ताजं फूल आणून एका बैठकीत तेवढंच रंगवून टाका. हॉलंडमधल्या जुन्या फुलदाण्यांच्या चित्रांत एकाच वेळी कधीच न फुलणारी फुलं शेजारी दिसतात, कारण ती माणसं त्या-त्या ऋतूत फुलांचे अभ्यास करून ठेवत आणि नंतर एकत्र मांडत.

आता वाळण्याचं. तैलरंग कपड्यासारखा पाणी उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं. दमट हवेत हे सावकाश चालतं. म्हणून पावसाळ्यात थर पातळ ठेवा, वरून तेल ओतू नका, आणि चित्र हवा खेळते अशा उजेडाच्या खोलीत उभं करा. चुलीजवळ नाही, रणरणत्या उन्हातही नाही. फारच घाई असेल तर अल्किड मीडियम मिळतं, थोडं मिसळलं की काही दिवसांत हाताला लागत नाही, पण ऑनलाइन मागवावं लागेल. थरांचा नियम पाळा, खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलट झालं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. आणि घरात आहे म्हणून खोबरेल तेल रंगात घालू नका. तसं करणारे मला भेटले आहेत. खोबरेल वाळणारं तेलच नाही, ते चित्र पुढच्या गणपतीलाही बोटाला लागेल. शेंगदाण्याचं, मोहरीचं, रॉकेल, सगळ्यांना तोच नकार.

बुरशी कॅनव्हासच्या सुताला आणि त्यावरच्या धुळीला धरते. चित्र पडवीत नेऊन सावलीत नीट सुकवा, मग तोंडाला फडकं बांधून मागची बुरशी कोरड्या ब्रशने झटका. पुसू नका, ती आत शिरते. चिऱ्याच्या, पश्चिमेकडच्या, झड लागणाऱ्या भिंतीवर चित्र लावायचं नाही. आतली भिंत घ्या आणि फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा फिरेल. खारी हवा साध्या चुका गंजवते, तेव्हा स्टेनलेसच्या वापरा. झालेली चित्रं कापडात गुंडाळून माळ्यावर टाकू नका. बुरशी तर येईलच, शिवाय जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं.

सासूबाईंचा खोकला मी सगळ्यात गंभीरपणे घेते. टर्पेन्टाइन घरातून काढूनच टाका. त्याच्यावाचून काम होतं. पहिला थर कोरड्या ब्रशने घासून पातळ करा, फडक्याने पुसून घ्या. ब्रश साफ करायचा तर आधी जुन्या कापडाने रंग निपटून काढा, थोड्या जवसाच्या तेलात घोळवून पुन्हा पुसा, मग कपड्याच्या साबणाने तळहातावर फेस काढत धुवा. केसांच्या मुळाशी रंग राहता कामा नये. टर्पेन्टाइनची उरलेली बाटली मोरीत किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका, विहीर जवळ असते. झाकण घट्ट लावून घराबाहेरच्या खोपीत ठेवा. ट्यूबवरची सूचना वाचा, कॅडमियम असलेले रंग पोटात जाणं बरं नव्हे. रंगाला घेतलेली बशी पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ढीग करून ठेवली तर तेल वाळताना निघणारी उष्णता आत कोंडते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. पडवीत नारळाची सोडणं आणि पेंढा रचलेल्या घरात तर हा खेळ नकोच. फडकी पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायला हवं असं नाही. पण त्यांना शार्दँची गोष्ट सांगून बघा. 1699 साली पॅरिसमध्ये जन्मलेला हा चित्रकार देवादिकांची, राजांची चित्रं काढायच्या भानगडीत फारसा पडला नाही. त्याने भांडी काढली, फळं काढली. 1728 साली तिथल्या राजेशाही कला अकादमीने त्याला आत घेतलं ते ज्या चित्रांवर, त्यातलं एक आज लूव्र संग्रहालयात आहे. चित्रात काय आहे? आकड्याला टांगलेली, पोट चिरलेली पाकट. खाली कालवं, आणि त्या कालवांवर पाय देऊन अंग फुगवून उभं असलेलं मांजर. वेंगुर्ल्याच्या बंदरावर रोज दिसतं तेच. फोटो मोबाइलवर दाखवा आणि पाकटीचं ओलं पांढरं-गुलाबी मांस किती थोड्या रंगांत आणलंय ते दोघांनी मिळून बघा. यजमान माशांतले जाणकार असतील तर ते तुमच्याआधी बोलतील.

मुंबईच्या क्लासला माझा आत्ता तरी नकार आहे. जे.जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या, 1857 पासून चालत आलेल्या संस्थेतलं शिक्षण पूर्णवेळ असतं, आणि आठवड्याच्या सुट्टीत दोन तासांत ‘एक चित्र पूर्ण’ करून देणारे वर्ग तुम्हाला नकोत. तिथे शिक्षक शेवटचा हात मारतो आणि चित्र त्याचं होतं. त्याऐवजी सावंतवाडीतल्या कला महाविद्यालयात चौकशी करा. एखाद्या शिक्षकाने महिन्यातून एकदा तुमची कामं बघून बोलायचं कबूल केलं तर फी देऊन ते घ्या. आणि पणजीला एक दिवस काढून जा. तिथल्या फोंतेन्हास भागात फुंदासाव ओरिएंत या संस्थेत चित्रकार आंतोनियो शावियर ट्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह आहे. ट्रिंदाद गोव्याचे, 1870 ते 1935, जे.जे.मध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं. जाण्याआधी उघडं आहे का ते विचारून घ्या. चित्रापासून दहा फुटांवर उभं राहा, मग नाक लागेल इतकं जवळ जा. लांबून रेशीम वाटलं होतं ते जवळून ब्रशचे चार फटके निघतात. हे छापील चित्रात कधीच कळत नाही, व्हिडिओत तर नाहीच.

गणपतीचं जमेल. आता पहिले काही दिवस अंबर-पांढऱ्यात अभ्यास, मग त्याच मांडणीवर एक छोटा कॅनव्हास, तुमच्या संचातला सगळ्यात लहान असेल तो. चतुर्थीच्या तीन आठवडे आधी ब्रश खाली ठेवा. हाताला लागत नसेल तर चित्र तसंच लावा, काच नको, वार्निश नको. देवाच्या खोलीत मात्र लावू नका. समई, कापूर आणि अगरबत्तीची काजळी वार्निश नसलेल्या रंगावर बसली की सुटत नाही. वार्निशला सहा महिने ते वर्ष थांबायचं असतं आणि दमट हवेत लावलं तर त्यावर दुधाळ साय धरते. तेव्हा पुढच्या जानेवारीत, कोरड्या दुपारी, चित्र आडवं ठेवून रुंद मऊ ब्रशने एकच पातळ हात.

दुसऱ्या चित्राचा विषय आत्ताच सुचवून ठेवते. स्पेनमध्ये सांचेझ कोतान नावाच्या चित्रकाराने 1602च्या आसपास एक चित्र काढलं, त्यात एक फळ आणि एक कोबी दोऱ्याने टांगलेले आहेत, खाली कापलेलं खरबूज आणि एक काकडी, मागे मिट्ट काळोख. गणपतीवर फळं टांगून बांधलेली आपली माटवी उतरवली की त्यातला एक नारळ, सुपारीचं एक शिपूट म्हणजे घड, एक तवसं म्हणजे मोठी काकडी आणि खरबुजासारखं चिबूड बाजूला काढा. आंब्याच्या पेटीच्या वरच्या फळीला दोन खिळे मारा, नारळ आणि सुपारी सुंभाने वेगवेगळ्या उंचीवर लोंबती ठेवा, तवसं आणि चिबूड खाली. तवशाचं एक टोक पेटीच्या कडेबाहेर थोडं येऊ द्या म्हणजे त्याची सावली फळीवरून खाली उतरेल. टांगलेल्या वस्तू हलतात, त्यांना मागून काळ्या दोऱ्याने फळीला बांधा. चिबूड कापायचंच असेल तर बाकीचं सगळं रंगवून झाल्यावर, शेवटच्या बैठकीला कापा, कारण फोडीची कड लवकर सुकते आणि मुंग्या त्याहून लवकर येतात.